तळाची माती

मामांकडे पोहायला शिकलेल्या प्रत्येक पोराची शेवटची परीक्षा एकच असायची. बुडी मारायची, तळाची माती मुठीत धरायची आणि वर यायचं. वर आल्यावर तोंडावरचं पाणी पुसायचं नाही, धापा टाकायच्या नाहीत. आधी हात वर करून मूठ उघडायची. मूठ रिकामी निघाली तर मामा घाटाच्या पायरीवरूनच म्हणायचे, "मधनंच फिरला लेकाचा." बोटांच्या फटींतून काळा गाळ ओघळला तर एकदा मान हलवायचे. तेवढंच. त्या दिवशी घरी जाताना भेळ मिळायची.

हे सगळं गंगेवर. नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणतो ते पाहुण्यांशी बोलताना, नाहीतर अर्जात लिहिताना. एरवी ती गंगाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी साडेसहाला पंचवटीतल्या वाड्यातून निघायचं, पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधायचा आणि रामकुंडाच्या पुढच्या अंगाला पाण्यात उतरायचं. मामांच्या आज्ञा तीनच: "हात मार, पाय मार, तोंड मीट." पंधरा दिवसांनी डबा सुटायचा. पुढे कितीतरी दिवस तो पाठीवर आहेच असं वाटत राहायचं, आणि त्या वाटण्याच्या जोरावरच आम्ही तरंगायचो.

गंगेच्या पाण्याखाली मी काय पाहिलं? काही नाही. डोळे मिटलेले असायचे आणि उघडले तरी हिरवट काळोख. तिथे बघायचं काम हातांचं. गुळगुळीत दगड, शेवाळ, कुणीतरी सोडलेल्या दिव्याचा भिजका द्रोण, क्वचित एखादं नाणं. नाण्यांच्या मागे लागणारी पोरं वेगळी होती. त्यांच्याकडे दोरीला बांधलेलं लोहचुंबक असायचं आणि आमच्याकडे ती तुच्छतेने बघायची. पण त्यांची आणि आमची समजूत एकच होती: पाण्याखालचं जग म्हणजे दम संपायच्या आत हाताला लागेल ते मुठीत घेऊन पळायची जागा. मी त्रेपन्न वर्षांचा होईपर्यंत या समजुतीला धक्का लागला नव्हता.

तो लावला मुलीने. ती नोकरीला लागल्यावर अंदमानात स्कूबा डायव्हिंग शिकून आली आणि मग माझ्या मागे लागली. "बाबा, तुला पोहता येतं, मग अडचण काय?" पोहता येतं हीच अडचण होती, पण ते तेव्हा तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी त्र्यंबक रोडवरच्या सावरकर तलावावर महिनाभर जाऊन अंगातला गंज काढला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कान तपासून घेतले. बायको म्हणाली, "मी किनाऱ्यावर बसून कपडे सांभाळते." घाटावर तिची आई हेच करायची.

मामांना सांगायला गेलो. वय वर्षं ८३, ऐकू कमी येतं. "मामा, अंदमानला चाललोय."

"काय गुन्हा केलास?"

ते गंमत करत होते, पण पूर्ण गंमतही नव्हती. नाशिकच्या त्या पिढीला अंदमान म्हणजे काळं पाणी. भगूर इथून हाकेच्या अंतरावर. डिसेंबर १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळी घातली ती इथल्या विजयानंद थिएटरात, आणि त्या सगळ्या धरपकडीच्या काळात सावरकर बंधू तिकडे पाठवले गेले. त्या बेटांवर माणूस हौसेने, पैसे भरून, वर रबराचे कपडे घालून पाण्यात बुडायला जातो, हे मामांच्या डोक्यात बसेना. "आपल्या गंगेचं पाणी शेवटी तिकडेच जातं ना?" त्यांनी विचारलं. म्हटलं, बंगालच्या उपसागरात जातं, आणि अंदमान त्याच्या पलीकडच्या टोकाला आहे. १,४६५ किलोमीटर जाऊन मग समुद्र. "म्हणजे जायकवाडीनं सोडलं तर," मामा म्हणाले.

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम, पण जिभेला जुनंच वळण), तिथून बोटीने हॅवलॉक. त्याचंही २०१८ पासून स्वराज द्वीप झालंय. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं सरकारने तिथे वसवली, त्यामुळे भाषा बंगाली, जेवण माशा-भाताचं आणि गावांची नावं गोविंदनगर, कृष्णनगर, राधानगर. बायको पाट्या वाचून म्हणाली, "मुंबई नाक्यावरून रिक्षात बसल्यासारखं वाटतंय." (नाशकातलं गोविंदनगर मुंबई नाक्याजवळच आहे.)

आमचा इन्स्ट्रक्टर तिथल्याच बंगाली घरातला, तिशीतला मुलगा. मला 'अंकल' म्हणायचा आणि त्या शब्दात आदरापेक्षा काळजी जास्त होती. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या बोटातली अंगठी काढायला लावली. पाण्यात बोटं आकसतात, अंगठी कधी निसटली कळत नाही. ती अंगठी पोवळ्याची. माझ्या पत्रिकेतल्या मंगळासाठी आईने सराफ बाजारातून करून आणलेली. (आमचा सराफ बाजार गंगेला इतका लागून, की पुरात नदी स्वतःच दुकानांत शिरते.) बायकोच्या रुमालात अंगठी बांधताना पहिल्यांदाच लक्षात आलं, की पोवळं म्हणजे प्रवाळ. तीस वर्षं प्रवाळ बोटात घालून हिंडत होतो आणि आता जिवंत प्रवाळ बघायला जाताना ते काढून ठेवत होतो. सराफाचं लाल पोवळं या खडकांतलं नव्हे, ते भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीचं, हे नंतर कळलं. तेव्हा मात्र चोरी पकडल्यासारखं वाटलं.

मग नियम. पहिला आणि सगळ्यात मोठा नियम त्याने तीन वेळा सांगितला. श्वास कधीही रोखायचा नाही.

आता मी काय सांगू त्याला! माझं सगळं पाण्याखालचं आयुष्य श्वास रोखण्यावर उभं होतं. मामा पायरीवर आकडे मोजायचे आणि माझा आकडा सत्तरच्या पुढे गेला होता. (मामांचे आकडे त्यांच्या मूडप्रमाणे जलद-सावकाश चालत, ते सोडा.) पण इथे कारण साधं आणि जीवघेणं आहे. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. दहा मीटरवर भरून घेतलेली छाती तशीच कोंडून वर आलात, तर आतली हवा दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस काही रबराचा फुगा नाही.

टाकीबद्दलही एक गैरसमज गेला. आपण सगळे 'ऑक्सिजनची टाकी' म्हणतो. एप्रिल २०२१ नंतर नाशिककराला हे दोन शब्द एकत्र सहज उच्चारता येत नाहीत. इथल्या एका रुग्णालयातली टाकी गळली आणि काही मिनिटांत काय झालं ते या गावाला पाठ आहे. तर पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते, दोनशेपट दाबाने कोंबलेली. खरी करामत तोंडातल्या झडपेची, म्हणजे रेग्युलेटरची. १९४३ साली फ्रान्समध्ये, युद्धामुळे पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारी गॅसवर चालवायला केलेली एक झडप एमिल गान्यां या इंजिनिअरकडे होती. ती त्याने आणि झाक कुस्तोने पाण्याखाली श्वास घेण्यासाठी बदलून घेतली. तुम्ही ओढाल तेव्हाच ती हवा देते, आणि भोवतालच्या पाण्याचा दाब असेल तेवढ्याच दाबाने. आधाशासारखे ओढाल तर टाकी लवकर संपते. माझी पहिली टाकी मुलीच्या निम्म्या वेळात संपली.

कानांचं मात्र घरचंच उदाहरण सापडलं. कसारा घाट उतरताना कानांत दडे बसतात ना, तेच. नाक चिमटीत धरून हळूच हवा कानांकडे लोटायची, की 'टक्' होऊन मोकळं. फरक प्रमाणाचा. नाशिकहून मुंबईला जाताना आपण साधारण सहाशे मीटर खाली उतरतो. त्या अख्ख्या प्रवासात कानावर जेवढा दाब वाढतो, तेवढा समुद्रात मीटरभर खाली जायच्या आतच वाढतो. म्हणजे दहा मीटर जाईपर्यंत तेरा-चौदा वेळा मुंबई. हे गणित मी पाण्याखाली बसून केलं आणि त्यामुळे भीती थोडी गेली.

पहिल्या दिवशी गळ्याएवढ्या पाण्यात मास्कमध्ये पाणी भरून घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं, तोंडातला रेग्युलेटर काढून पुन्हा घालायचा, असे धडे झाले. दोनदा मी घाबरून उभा राहिलो. वाळवंटातल्या उंटासारखा मान वर काढून. मुलगी हसली नाही, आणि ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर गेलो.

बोटीवरून पाठीमागे कलंडून पाण्यात पडायचं, मग दोरीला धरून उतरायचं. सात-आठ मीटरपर्यंत नुसती निळाई. आणि मग आवाज. समुद्राखाली शांतता असते असं मला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. तिथे भट्टीवर लाह्या फुटाव्यात तसा सतत तडतड आवाज येतो. कोळंबीच्या जातीचे बोटाएवढे जीव नांगी मिटून ती तडतड करतात. त्यात मधूनच 'कर्र' असा दाताखाली खडा आल्यासारखा आवाज. बघतो तर हिरवा-निळा, हातभर लांब पोपटमासा चोचीने खडक खरवडत होता. खाऊन झाल्यावर त्याने मागून पांढऱ्या भुकटीचा झोत सोडला. ती वाळू. प्रवाळाचा खडक चावून, त्यातलं शेवाळ पोटात ठेवून, उरलेलं वाळूच्या रूपाने बाहेर. एखादा मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी तयार करतो. किनाऱ्यावर ज्या पांढऱ्या शुभ्र वाळूवर बायको अनवाणी चालून "किती स्वच्छ" म्हणाली होती, तिचा बराचसा भाग कुठून आला होता ते मी तिला परत येईपर्यंत सांगितलं नाही.

प्रवाळ म्हणजे झाड की दगड की प्राणी, असं मुलगी लहानपणी विचारायची, तेव्हा मी पुस्तक बघून 'प्राणी' असं ठोकून दिलं होतं. जवळून बघितल्यावर मला आमचा पंचवटीतला वाडा आठवला. प्रत्येक जीव तांदळाच्या दाण्याएवढा, कुठे त्याहून लहान. तो आपल्यापुरती चुन्याची खोली बांधतो, त्यावर पुढची पिढी आपली खोली चढवते आणि शेकडो वर्षांत चौकाचौकांचा वाडा उभा राहतो. वाड्यात भाडेकरूही आहेत. डोळ्यांना न दिसणारं शेवाळ प्रवाळाच्या अंगातच राहतं, उन्हावर साखर बनवतं आणि बहुतेक सगळी मालकाला देतं. मालकाचं पोट त्या भाड्यावर, आणि रंगही भाडेकरूंचाच. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की मालकाचं डोकं फिरतं आणि तो भाडेकरूंना बाहेर काढतो. मग वाडा पांढराफटक. तो लगेच मरत नाही, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर भाडेकरू परत येतात. १९९८, २०१०, २०१६ अशा उन्हाळ्यांत अंदमानात हे झालं. आमचा इन्स्ट्रक्टर २०१० मध्ये शाळेत होता. तो म्हणाला, "पूरा नीचे चूना मारा हुआ लगता था, अंकल."

आता जे सांगायचं टाळतोय ते.

साधारण नऊ मीटरवर होतो. समोर हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचं प्रवाळ, टोकं फिकट जांभळी, आणि त्यांच्या जाळीत शंभरेक निळे चिमुकले मासे. सगळे एकदम आत ओढले जायचे आणि एकदम बाहेर यायचे, जणू कुणी श्वास घेतंय. मी बघता बघता माझा श्वास रोखला. सवयीने. चांगलं काही दिसलं की माणूस श्वास रोखतो, त्यात मी गंगेवरचा. छाती भरलेली, त्यामुळे मी बुचासारखा वर निघालो. नियम आठवला, श्वास सोडला. पण हाताला नियम कुठे माहीत होता? त्याने चाळीस वर्षांपूर्वीचंच केलं. समोर आलं ते गच्च धरलं.

'कट्' असा आवाज आला. पाण्याखाली आवाज कुठून आला ते कळत नाही, सगळीकडून येतो. हा मात्र कळला.

इन्स्ट्रक्टर माझ्यासमोर आला. त्याने आधी माझे डोळे बघितले, मग जॅकेटमधली हवा थोडी सोडून मला स्थिर केलं. मग माझ्या मिटलेल्या मुठीवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि स्वतःचा पंजा उघडून दाखवला. मूठ उघड.

मी उघडली. आत करंगळीएवढं टोक होतं, तुटल्या जागी खडूसारखं पांढरं. तळव्यावर आडवी चीर आणि तिच्यातून धुरासारखी रेघ निघत होती. हिरवट. क्षणभर मला कळेना, हे माझ्यातून निघतंय की प्रवाळातून. पाणी सगळ्यात आधी लाल रंग खाऊन टाकतं, त्यामुळे तेवढ्या खोलीवर रक्त शेवाळी दिसतं. हे मी ब्रीफिंगमध्ये ऐकलं होतं. स्वतःच्या तळव्यावर बघणं निराळं. बोटात अंगठी असती तर तिचं पोवळंही तिथे काळपटच दिसलं असतं.

त्याने तो तुकडा माझ्या हातातून चिमटीने उचलला, दोन खडकांमधल्या फटीत उभा अडकवला, हलवून घट्ट बसलाय का बघितलं. वर आल्यावर रागावला नाही. "अटक गया तो जिएगा," एवढंच म्हणाला. या जातीचे तुटके तुकडे कधीकधी धरतात आणि वाढतात. फांद्यांचं प्रवाळ चांगल्या दिवसांत वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतं. पण शेजारीच मुलीएवढ्या उंचीचा गोल प्रवाळ होता, त्या जातीचं वाढणं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. तिथे हात पडला असता तर? कायद्याने प्रवाळाला वन्यजीवांच्या पहिल्या अनुसूचीत ठेवलंय, जिथे वाघ आहे तिथेच. वाघाचं शेपूट मी असं सहज ओढलं नसतं.

पुढच्या दोन डाइव्हसाठी त्याने मला वेगळी शिस्त लावली. दोन्ही हात पोटाशी बांधून ठेवायचे. पोहायचं फक्त पायांनी आणि वरखाली व्हायचं फक्त श्वासाने. सावकाश भरला की वीतभर वर, सावकाश सोडला की वीतभर खाली. बालवाडीतल्या बाईंची आज्ञाच जणू: हाताची घडी, तोंडावर बोट. बोटाऐवजी रेग्युलेटर. पहिली पाच मिनिटं हात घडीतून सुटायला धडपडत होते, दावणीच्या वासरासारखे. मग दमले. आणि ते दमल्यावर मला दिसायला लागलं. एका गोल दगडात खोचलेले, नाताळच्या झाडासारखे दिसणारे पिवळे-निळे किडे. माझी सावली पडली की झपकन मिटायचे. एक पिवळट मासा, जो मी आधीच्या डाइव्हला दगड समजून ओलांडला होता. समुद्रफुलाच्या हलत्या बोटांत राहणारे नारिंगी मासे. त्यातली सगळ्यात मोठी ती मादी, आणि ती गेली की घरातला नर मादी होतो. मुलगी शेजारी तरंगत होती. तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून विचारलं: ठीक? मी उत्तरादाखल हाताची घडी सोडून अंगठा वर केला, आणि ती घाबरली. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'. घाटावरच्या खुणा इथे चालत नाहीत.

डायव्हिंगनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो. तो कोरडा दिवस आम्ही सेल्युलर जेलमध्ये घालवला. कोठडीत उभा राहिलो, तर झरोका हात वर करूनही गाठता येईना इतका उंच. समुद्र अगदी भिंतीपलीकडे. कोठडीतून त्याचं टिपूसही दिसत नव्हतं. बायको म्हणाली, "मामांना इथलं सांग, ते मासेबिसे नको."

तळहाताची चीर महिनाभर भरली नाही. प्रवाळाची जखम चिवट असते. तेवढ्यात घरी आल्यावर एका संध्याकाळी गंगेवर चक्कर मारली. कुंडांच्या तळाला काँक्रीट झाल्यापासून मामा तिकडे बघवत नाही म्हणतात. आतले झरे बुजले, आता तळाला माती कुठली, असं त्यांचं म्हणणं. दुतोंड्या मारुतीपाशी (पुराचं पाणी किती चढलं ते आम्ही या मूर्तीवरून मोजतो) एक पोरगा सूर मारत होता. वर आला, मूठ उघडून मित्राला काहीतरी दाखवलं. लांबून दिसलं नाही काय होतं ते.

मग मामांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"किती खोल गेलास?"

"अठरा मीटर."

"मारुती बुडेल एवढं?"

"मारुतीवर मारुती, त्यावर आणखी मारुती."

मामांनी भुवया उंचावल्या. "आणि दम? किती आकडे?"

म्हटलं, मामा, तिथे दम धरायचाच नसतो. पंचेचाळीस मिनिटं खाली होतो, सगळा वेळ श्वास घेत. हे त्यांना लबाडी वाटली. ते थोडा वेळ गप्प बसले, मग हात पुढे केला.

"मूठ उघड."

मी उघडली. त्यांनी माझा तळवा ओढून डोळ्यांजवळ नेला, चष्मा वर सरकवला आणि अंगठ्याने त्या पांढुरक्या रेघेवरून एकदा दाबून बघितलं, कड निब्बर झालीय का ते.

"हळद लावली नव्हतीस ना," मामा म्हणाले.